बटण दाबा, चरबी घटवा

चरबी कमी करायचा फुकटातला उपाय सांगते. घाम नको, डाएट नको. ड्यूरेनबर्ग यांचं 1991चं एक सूत्र आहे. वय आणि बीएमआय घाला, अंगात किती टक्के चरबी ते सांगतं. त्यात 'पुरुष' म्हटलं की 10.8 टक्के एका फटक्यात वजा! दिवसभर नुसतं पडून राहायला किती कॅलरी लागतात, त्याचं मिफ्लिन यांचं सूत्र 1990चं. पुरुषाला अधिक 5, बाईला उणे 161. फरक 166 कॅलरींचा. म्हणजे मी बाई झाले त्याचा शास्त्रोक्त दंड दीड-दोन पोळ्या. (सासरी नांदायला गेले असते, तर याहून जास्त कापल्या असत्या.)

सूत्रं खोटी नाहीत. सरासरी आहेत, आणि त्यांत माझ्यासारख्या हॉर्मोन्स बदलणाऱ्यांचा रकाना नाही, एवढंच. पण हे वाशीतल्या एका जिममधल्या ट्रेनर-आचार्यांना कोण सांगणार? मी चरबी मोजायच्या मशीनवर उभी राहिले आणि त्यांचं बोट स्क्रीनसमोर अधांतरी. "मॅडम... म्हणजे, सिस्टीममध्ये काय टाकू?" मग प्रवचन सुरू: निसर्गानं दिलं तेच खरं. हे निसर्गनिष्ठ गृहस्थ स्वतः चॉकलेट फ्लेवरच्या पावडरीवर जगतात.

निसर्गाचंच घ्या. टेस्टोस्टेरॉन दाबलं की हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं. स्नायू मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतात. उंची तर तसूभर हलत नाही. एकाच देहात तीन घड्याळं, आणि यांना एक बटण हवंय! म्हणून मी प्रश्न बघून तक्ता निवडते. रक्ताचा रिपोर्ट बायकांच्या तक्त्यावर. कंबर? भारतीय पुरुषाला 90 सेंटिमीटरपर्यंत मुभा, बाईला 80. मी 80 धरते; चरबी आता बायकी जागी साठते, तर धोकाही बायकी हिशेबानंच मोजलेला बरा. आणि ताकद माझी माझ्याशीच, गेल्या महिन्याच्या वहीशी ताडून. हे सांगितल्यावर आचार्य म्हणाले, "पण मग रिपोर्ट कसा निघणार?" अहाहा! देह रिपोर्टसाठी असतो, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

त्यांना तरी काय बोलायचं? सरकारची फीतही तिथेच अडकली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. पोलीस शिपाई भरतीत त्यांची शारीरिक चाचणी कशी घ्यायची, याचे नियम डिसेंबर 2022पर्यंत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारीअखेरची मुदत घातली, तेव्हा हालचाल. प्रश्न काय, तर पुरुषांची धाव 1600 मीटर, बायकांची 800. पुरुषांचा गोळा 7.260 किलो, बायकांचा 4. आठ वर्षं गोळा उचलवला नाही तो सरकारला!

त्याआधी 2017 साली बीडच्या महिला पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याचा नकार. का? तर पुरुष आणि महिला शिपायांचे उंची-वजनाचे निकष वेगळे. भरतीच्या दिवशी लावायची फीत, नोकरीत मुरलेल्या माणसाच्या गळ्यात! हीच फीत सगळ्या खात्यात फिरवली असती, तर किती पट्टे टिकले असते? शेवटी सरकार नमलं, 2018च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्जेसमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून त्याच खात्यात राहिले. बीड जिल्ह्याची कायदा-सुव्यवस्था त्या सेंटिमीटरांपायी ढासळल्याचं काही ऐकिवात नाही.