श्रद्धेला घाई नसते

नाताळ म्हटला की चांदणी, करंज्या, केक आणि उपासना आलीच. परंतु ज्याच्या मनातली श्रद्धाच आटली आहे, त्याने या दिवशी काय करावे? पत्नी गेल्यापासून दोन वर्षे माझ्या ओठांवर प्रार्थना आली नव्हती.

यंदा भिवपुरीच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यांनी श्रद्धा उसनी घेतली नाही, अगदी पतीकडूनही! आधी मनातला जातिभेद गळाला, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले. मग ख्रिस्त आपला वाटला.

आमच्या भिवपुरीला घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी उतरते आणि १९२२ पासून त्याची वीज होते. पण ते आधी पावसाळाभर मुकाट्याने साठावे लागते. श्रद्धेचेही तसेच असावे.

नाताळच्या सकाळी मी प्रार्थनेला बसलो. मागितले काहीच नाही. मग शेजारच्या एकट्या आजोबांना फराळाचे ताट नेऊन दिले. दुःख गेले नाही. पण त्या रात्री स्वस्थ झोप लागली.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी असे मुके झाले असेल, तर त्याला उपदेश करू नका. जवळ बसा, वाट पाहा.