डागडुजी दारापर्यंत पोचली पाहिजे

घराच्या भिंतीला भगदाड पडले आहे हे कळूनही जो ते बुजविण्यात दिरंगाई करतो, त्याला चोरी झाल्यावर दैवाला बोल लावण्याचा अधिकार राहत नाही. परंतु भगदाड पडल्याचे घरधन्याला ठाऊकच नसेल, ते बुजविण्याचे साहित्य गवंड्याने सिद्ध ठेवले असेल, आणि ते साहित्य त्या घरापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणीच पत्करीत नसेल, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा? ज्या मोबाइल फोनवरून आपण वाण्याचे बिल चुकते करतो, मुलांची फी भरतो आणि बँकेतील शिल्लक पाहतो, त्या फोनच्या बाबतीत हा प्रश्न आज खराखुरा उभा आहे.

संगणक असो वा फोन, त्याचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते आणि तिच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यावयाची, कोणती फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, याचा निवाडा कर्नल करतो. एखाद्या अ‍ॅपमध्ये दोष असला तर एक खोली उघडी पडते. कर्नलमध्ये दोष असला तर साऱ्या वाड्याच्या किल्ल्या चोराच्या हाती जातात. लिनक्स या कर्नलवर जगातील असंख्य सर्व्हर चालतात, आणि अँड्रॉइड फोनही त्याच्याच पायावर उभे आहेत.

या लिनक्समध्ये ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेला एक दोष होता. दफ्तरखान्याच्या उदाहरणाने तो ध्यानात येईल. मूळ दस्तऐवज सर्वांनी वाचावा, पण ज्याला त्यावर काही लिहावयाचे असेल त्याला नक्कल काढून द्यावी, असा तेथील नियम. कर्नलही असेच करतो. परंतु नक्कल तयार होणे आणि लेखणी टेकणे यांमधील निमिषात ती नक्कल कोणी फेकून द्यावयास लावली, तर कारकुनाचा घोटाळा होई आणि लेखणी थेट मूळ कागदावर चाले. परिणाम असा की, ज्याला केवळ वाचण्याची मुभा होती तो मूळ फाइल बदलून साऱ्या यंत्राचा स्वामी होऊ शके.

हा दोष अगदीच अज्ञात होता असेही नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ सालीच त्यावर इलाज करून पाहिला होता. पण त्यामुळे आयबीएमच्या एका जातीच्या मोठ्या संगणकांवर अडचणी उद्भवल्या आणि तो मागे घेण्यात आला. त्या काळी निमिषाचा हा घोटाळा केवळ तात्त्विक भासत होता. पुढे कर्नलची रचना बदलत गेली आणि तात्त्विक धोका प्रत्यक्षात उतरणे सोपे झाले. हल्लेखोर त्याचा वापर करीत असल्याचे आढळून आल्यावर, ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी तो दूर केला, आणि अकरा वर्षांपूर्वीचा आपला प्रयत्न नीट साधला नव्हता अशी कबुली दुरुस्तीच्या टिपणातच दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये या दुरुस्तीतही एक उणीव आढळली व तीही भरून काढावी लागली. दुरुस्ती हे एकदा करून हात झटकण्याचे काम नव्हे, हाच याचा अर्थ.

येथवरची कथा कर्तव्यदक्षतेची आहे. खरी रड पुढेच. गूगलने डिसेंबर २०१६ च्या सुरक्षा-पत्रकात ही दुरुस्ती घातली. परंतु ती ग्राहकाच्या खिशातील फोनमध्ये उतरण्यासाठी चिप बनविणारा आणि फोन बनविणारा अशा अनेकांच्या हातांतून जावी लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने जाहीर केले की, याच दोषाचा लाभ उठविणारा एक घातक प्रोग्रॅम चाळीसहून अधिक देशांत आढळला असून बाधितांपैकी बहुसंख्य चीन आणि भारत या दोन देशांतील आहेत. औषध निघून अकरा महिने लोटले होते. रोगी मात्र अंथरुणावरच होते!

याचे कारण तंत्रात नाही, व्यवहारात आहे. नवा फोन विकण्यात नफा आहे, जुना सुरक्षित ठेवण्यात केवळ खर्च. घाईची दुरुस्ती अनर्थ घडविते, असा युक्तिवाद उत्पादक करतील, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. पण यावरून चाचणी कसून करावी एवढेच सिद्ध होते. डागडुजी करूच नये असे नव्हे.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे सांगणे अशा यंत्रांच्या उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानुसार, डिसेंबर २०२७ पासून ही जबाबदारी सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे वाहावी लागणार आहे. आपल्या देशात औषधाच्या बाटलीवर मुदत छापावी लागते, बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किंमत छापावी लागते. मग ज्या वस्तूवर कुटुंबाची पुंजी सोपविली जाते, तिच्या खोक्यावर सुरक्षा-दुरुस्तीची अखेरची तारीख ठळक मराठीत का छापू नये? सरकारने ही तारीख सक्तीची करावी. कर्नलमधील गंभीर दोषाची दुरुस्ती ग्राहकापर्यंत किती दिवसांत पोचलीच पाहिजे याची मर्यादा ठरवावी. आणि ती मोडणाऱ्यास दंड करावा.

वाचकांनाही आम्हांला एक सांगावयाचे आहे. दुरुस्ती आल्याची सूचना पडद्यावर उमटली की ‘नंतर’ म्हणून ती दूर सारण्याची सवय आपण सर्वांनीच लावून घेतली आहे. ती सोडली पाहिजे. मात्र ज्याच्या फोनवर ती सूचना कधी येतच नाही, त्याला सावधगिरीचे पाठ देणे ही निव्वळ थट्टा आहे. स्वस्त फोन घेणारा रिक्षावाला आणि महागडा फोन मिरविणारा व्यापारी, दोघांच्याही घामाचा पैसा एकाच मार्गाने जातो. त्या मार्गाची राखण खिशातील ऐपतीवर अवलंबून राहता कामा नये, आणि ते पाहणे हे सरकारचे कर्तव्य आहे.