फाशी आणि एका घरातल्या दोघी

या वेळी संपादकीयाचा विषय आमच्या घरातलाच आहे. मी आणि माझी जोडीदारीण गेली दहा वर्षं अचलपूरला एकत्र राहतो. गल्लीत आम्ही 'मैत्रिणी' आहोत. संघटनेत आमचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आमच्यासारख्यांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला, तेव्हा दोघींनी मिळून पेढे वाटले. आमचं बिनसलं ते फाशीवरून.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं. सात दिवसांनी ती गेली. परतवाड्यातल्या मोर्चासाठी माझी जोडीदारीण फलकावर 'फाशी द्या' असं रंगवत होती. मी म्हटलं, ही मागणी आपण करू नये. कालपर्यंत आपल्यालाच गुन्हेगार म्हणणाऱ्या सरकारच्या हाती जीव घेण्याचा अधिकार का द्यायचा? ती म्हणाली, "तुले सोपं जाते हे बोलणं. तुह्या घरावर कधी अख्खं गाव चालून आलं काय?"

ती बौद्ध घरातली, मी सवर्ण घरातली. तिच्या मनात खैरलांजी होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथं भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं गेलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. 'दया नेमकी आमच्याच वेळी आठवते' हे तिचं दुःख आहे.

माझं म्हणणं असं, की दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा मानलाच नाही. फाशी सुनावणाऱ्या निकालातही जात बाहेरच राहिली. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूनं मत मांडलं होतं, हेही मी तिला सांगितलं. "बाबासाहेब तू मले नोको शिकवू," एवढंच ती म्हणाली. मला लाज वाटली. माझा मुद्दा बरोबर होता, पण तो मी तिला गप्प करण्यासाठी वापरला होता.

२०२२ मध्ये हिंगणघाटच्या आरोपीला जन्मठेप झाली. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. रात्री तिनंच दोन ताटं वाढली.

आजही माझा फाशीला विरोध आहे आणि तिचा नाही. पण आता निवेदन आम्ही एकत्र बसून लिहितो. तक्रार त्याच दिवशी नोंदवा, अॅट्रॉसिटीची कलमं लावा, साक्षीदारांना संरक्षण द्या, खटला रेंगाळू देऊ नका, या मागण्यांवर दोघींची सही असते. नुसतं 'फाशी नको' म्हणून थांबणाऱ्या संघटनेला पीडितेच्या घरी जाऊन सांगण्यासारखं काही उरत नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

आपल्या बैठकांमध्येही हा वाद आहे. फाशी मागणाऱ्या बाईला अडाणी ठरवू नका, आणि विरोध करणारीला निर्दयही म्हणू नका. दोघींना एकाच सतरंजीवर बसू द्या. तुमच्या गावातल्या बैठकीत काय झालं, ते आम्हाला जरूर कळवा.