रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

शस्त्राचं लायसन मंजूर झालं की माणूस दुकानात जातो आणि काउंटरवर दोन वस्तू त्याच्यासमोर येतात. एक बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आणि दुसरं बत्तीस बोअरचंच पिस्तूल. सराफ, पेट्रोलपंपाचे मालक, रोकड घेऊन फिरणारे आडते, मळ्यात वस्ती करून राहणारे बागायतदार, निवृत्त अधिकारी अशी मंडळी मग ओळखीच्या माणसाला फोन करतात आणि विचारतात, ‘यातलं कुठलं घेऊ?’ रेंजवर नवख्यांना शिकवताना हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. जो नियमित सराव करणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. पिस्तूल वाईट नाही, पण ते सराव मागतं, आणि आपल्याकडे बहुतेकांचा सराव लायसनसाठी लागणारं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं की संपतो.

इंटरनेटवर या विषयाचे जे व्हिडिओ दिसतात त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात, आणि ते बहुतेक पिस्तुलाच्या बाजूने बोलतात. गोळ्या जास्त मावतात, पुन्हा भरायला वेळ लागत नाही, चाप हलका असतो. हे सगळं खरं आहे. पण बोलणारा माणूस नाइन एमएमच्या पिस्तुलाबद्दल बोलत असतो आणि शनिवारी दुपारी रेंजवर जाऊन शेकडो गोळ्या झाडून आलेला असतो. आपल्याकडे नाइन एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला त्याचं लायसन मिळत नाही. काडतुसं किती घ्यायची हे लायसनवर लिहिलेलं असतं, प्रत्येक खरेदीची नोंद होते आणि रेंज तर जिल्ह्या-जिल्ह्यात नाहीत. तिथला सल्ला तिथल्या सरावावर उभा आहे. सराव वगळून नुसता सल्ला उचलला, तर घरात असं शस्त्र येतं की जे मालकालाच नीट कळत नाही.

दोन्ही बत्तीस बोअर म्हणजे काडतूस एकच, असं समजणारे लोक मला भेटले आहेत. ते तसं नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, त्या कडेवरच ते चक्रात अडकून राहतं. पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं आणि त्याची कड जेमतेम जाणवते. पुण्याच्या खडकी कारखान्यातली काडतुसं आपल्याकडे सर्रास मिळतात, त्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. दोन्हींवर तोच शिक्का दिसला म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात घालून बघू नका. दुकानातून निघण्याआधी खोका उघडा आणि आपल्या शस्त्राचंच काडतूस आहे ना, हे दुकानदाराकडून तिथल्या तिथे पटवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तो गोळ्यांच्या संख्येचा नाही, चापाचाही नाही. शस्त्र भरलेलं आहे की रिकामं, हे तुम्हाला कळतं का, एवढाच तो आहे.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जे जुन्या धाटणीचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं, ते हातात घ्या. बोट चापाबाहेर, नळी जमिनीकडे. वरचा खटका दाबून नळी खाली वाकवली की शस्त्र मधून उघडतं आणि चक्राची सहाच्या सहा घरं समोर येतात. आत काडतुसं असली तर ती वर उचलली जातात, पितळी बुडं डोळ्यांना दिसतात. घरं रिकामी असली तर आरपार उजेड दिसतो. तुमच्या सत्तरीतल्या वडिलांना, चष्मा न लावता, हे शस्त्र रिकामं आहे की नाही ते सांगता येईल.

पिस्तुलाचं तसं नाही. मुठीच्या बुडाशी असलेलं मॅगझिन काढलं की नवख्या माणसाला वाटतं, झालं, रिकामं झालं. पण आधी एकदा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून सोडलेली असेल, तर मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस केव्हाच नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, जाऊन बसलेलं असतं. मॅगझिन हातात आहे, पिस्तूल हलकं झालंय, आणि तरीही आत एक गोळी आहे. बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावरही चाप दाबला की बार उडतो. म्हणून क्रम पाठ करायचा: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर आतलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण त्याच्या जागी मॅगझिनमधलं दुसरं जाऊन बसतं. जमिनीवर पडलेलं काडतूस बघून माणूस निर्धास्त होतो, आणि पिस्तूल अजून भरलेलंच असतं. रेंजवर नवीन माणसाकडून हा क्रम मी इतक्या वेळा चुकताना पाहिला आहे की सराव न करणाऱ्याला पिस्तूल घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अडकण्याचंही तसंच. पिस्तूल स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर पुंगळी बाहेर फेकतं आणि पुढचं काडतूस आत घेतं. मनगट ढिलं राहिलं तरी ही क्रिया अर्ध्यात थांबते आणि पुंगळी स्लाइडमध्ये आडवी अडकते. ती सोडवणं अवघड नाही, पण घाबरलेल्या माणसाला, अंधारात, सरावाशिवाय ते जमत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढला की चक्र फिरून पुढचं घर समोर येतं. रेंजवर मात्र तसं करू नका. न उडालेलं काडतूस उशिराने उडू शकतं, म्हणून नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. आणि दोन्ही शस्त्रांत, बार नेहमीपेक्षा बारीक आवाजात फुसका निघाला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढच्या बाराला नळी फाटते.

रिव्हॉल्व्हरमध्ये उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. घोडा न चढवता चाप ओढायला चांगलाच जोर लागतो आणि त्या जोरात नेम हलतो. चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिच्यातून बाराच्या वेळी गरम वायू बाजूला फेकला जातो, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं पुढे आणायची नाहीत. आणि जुन्या रिव्हॉल्व्हरची भीती वेगळीच आहे. अनेक घरांत आजोबांच्या काळातलं विलायती रिव्हॉल्व्हर वारशाने आलेलं असतं. त्यातल्या काहींमध्ये घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, मध्ये कुठलीही आडकाठी नसते किंवा असली तर झिजलेली असते. असं शस्त्र हातातून पडून घोड्यावर आपटलं की बार उडतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा याच्या जुहूच्या घरी त्याच्याच परवान्याचं रिव्हॉल्व्हर पडलं आणि गोळी त्याच्या पायात घुसली, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. जुनं रिव्हॉल्व्हर घरात असेल तर ते परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि तोवर ते भरून ठेवूच नका. वारशाचं असेल तर आणखी एक गोष्ट. लायसन ज्याच्या नावावर होतं तो माणूस गेला की ते शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, आणि नंतर आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. आठवण म्हणून ते कपाटात ठेवून दिलं तर तो गुन्हा होतो.

२०१४ साली कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर आणलं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारात बळी गेलेल्या ‘निर्भया’ची आठवण नावात ठेवली आणि महिलांसाठीचं शस्त्र म्हणून त्याची जाहिरात झाली. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. माझं मत स्पष्ट आहे. महिलांसाठीचं शस्त्र असं काही नसतं. शस्त्र जितकं हलकं तितका त्याचा हाताला बसणारा हिसका जास्त, आणि पर्समध्ये तळाशी गेलेलं रिव्हॉल्व्हर वेळेवर हातात येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, ते वर्षानुवर्षांच्या सरावावर. तिच्या शस्त्राचं वजन कमी होतं म्हणून नाही. बहिणीला किंवा मुलीला शस्त्र घेऊन द्यायचं मनात असेल तर आधी तिला विचारा आणि आधी तिला रेंजवर न्या.

ठेवण्याबद्दल थोडं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लोखंड आठवड्याभरात गंज धरतं. तेल पातळ लावा, काडतुसांना अजिबात लावू नका, टोपीत तेल मुरलं की काडतूस मरतं. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याच ताब्यात. साड्यांखाली, उशीखाली, गाडीच्या खणात ठेवणं म्हणजे ठेवणं नव्हे. लहान मुलांना घरातल्या सगळ्या जागा ठाऊक असतात.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. लग्नात, वरातीत, विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढला आणि त्याने कोणाचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच असतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर लायसन तुम्हाला वाचवत नाही.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आधी सांगितला असता तर पुढचं कोणी वाचलं नसतं. हे शस्त्र घरात खरंच हवं आहे का? २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या सख्ख्या भावाने, परवाना असलेल्या बत्तीस बोअरच्या पिस्तुलातून. चोर आला नव्हता, दरोडा पडला नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघालं आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट. तिथले लोक आणि इथले लोक वेगळे असतील, पण निराशेच्या एका रात्री हाताशी काय आहे याने फरक पडतो, तो इथेही पडतो. घरातली भांडणं विकोपाला गेली असतील, कोणी दारूच्या आहारी गेलं असेल, कर्जाने किंवा आजाराने कोणी खचलं असेल, तर रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हा विचार बाजूला ठेवा. असलेलं शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करता येतं, त्याची रीतसर पावती मिळते आणि दिवस सुधारले की ते परत घेता येतं. खचलेल्या माणसासाठी टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं तपासूनही शस्त्र घ्यायचंच ठरलं, तर दुकानात जाण्याआधी जवळच्या रायफल असोसिएशनकडे जा. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही शस्त्रं हातात धरून बघा, आणि रिकामं करण्याचा क्रम त्याच्यासमोर न चुकता करून दाखवा. जे शस्त्र न विचारता, न अडखळता रिकामं करता आलं, तेच घ्या. दोन्ही जमली नाहीत तर तूर्त एकही घेऊ नका.