लोकप्रियता आणि थोरवी : नागस्वरम्‌च्या निमित्ताने

लोकप्रिय कलावंत आणि थोर कलावंत यांत भेद असतो, हे समीक्षा गृहीत धरते. परंतु तो भेद कशावरून ओळखावा, याविषयी ती क्वचितच नेमके बोलते. परिणामी मराठी समीक्षेत ‘लोकप्रिय’ हे विशेषण प्रशंसेपेक्षा संशयाचेच वाचक झाले आहे. वाङ्मयापेक्षा वाद्यसंगीतात हा प्रश्न अधिक स्वच्छपणे तपासता येतो. कारण वाद्य ही वादकाच्या पश्चात उरणारी, दुसऱ्याच्या हाती जाणारी वस्तू आहे.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील गिटारवादकांविषयी हा वाद नित्य होतो. जिमी हेंड्रिक्स (१९४२-१९७०) याने १९६७ साली माँटेरे येथील महोत्सवात रंगमंचावर गिटार पेटवली आणि ती घटना त्याच्या कीर्तीचा भाग झाली. परंतु ध्वनिवर्धकातून उलट फिरणारा, एरवी दोष म्हणून टाळला जाणारा घुमारा त्याने ताब्यात आणून रचनेत योजला. असा प्रयोग करणारा तो एकटा नव्हता. तथापि त्याच्यानंतरच्या वादकाला विद्युत्‌गिटारच्या आवाजाचा विचार त्याला वगळून करता आला नाही. त्याची थोरवी शोधायची ती येथे, ज्वाळांत नव्हे.

याच भेदाची अधिक पूर्ण परीक्षा कुंभकोणमच्या परिसरात होते. नागस्वरम् हे तेथील देवळांचे, लग्नांचे व मिरवणुकींचे वाद्य. सनईच्याच कुळातले, पण तिच्याहून लांब आणि आवाजाने प्रखर. तिरुवावडुतुरै मठाचे वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८-१९५६) यांना या वाद्यावर अपूर्व लोकप्रियता लाभली. त्यांच्या तोडी रागाच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या; ‘काळमेघम्’ (१९४०) या चित्रपटात ते नायक झाले. एवढ्यावरच थांबले तर ते केवळ आपल्या काळाचे लाडके वादक ठरतील. पुढे अनेकांनी त्यांच्या तोडीचे अनुकरण केले, यानेही अधिक काही सिद्ध होत नाही. अनुकरण हा लोकप्रियतेचाच उत्तरार्ध होय.

निर्णायक साक्ष नरसिंगम्‌पेट्टै या जवळच्या गावातील कारागिरांची आहे. पूर्वी आखूड, चढ्या स्वराचे ‘तिमिरी’ नागस्वरम् प्रचलित होते. त्यावर शुद्ध मध्यम नेमका लागत नसे, वादकाला तो फुंकीने सावरून घ्यावा लागे. गायकीसारखा विलंबित, गंभीर आलाप हे राजरत्नम यांचे ध्येय असल्याने त्यांना ही तडजोड पुरेना. रंगनाथन् आचारी यांनी लांब, खालच्या स्वराचे ‘पारी’ नागस्वरम् घडवून तो मध्यम साधला. आज तोडी मुळीच न वाजवणारा, किंबहुना राजरत्नम यांची शैली नाकारणारा वादकही तेच लांब वाद्य हाती घेतो. २०२२ साली नरसिंगम्‌पेट्टैच्या नागस्वरम्‌ला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच परंपरेला.

यावर आक्षेप संभवतो की, हे श्रेय कारागिराचे आहे. ते आहेच, आणि संगीताच्या इतिहासांनी ते अधिक ठळकपणे नोंदवावयास हवे. परंतु कारागिराने जे उत्तर दिले, त्याचा प्रश्न वादकाच्या कलेतून निर्माण झाला होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : राजरत्नम लोकप्रिय नसते, तर नवे वाद्य इतके रुजले असते काय? बहुधा नसते. म्हणूनच लोकप्रियतेविषयीचा संशय अनाठायी आहे. ती थोरवीचा पुरावा नसली तरी तिचे वाहन होऊ शकते.

वाङ्मयालाही हीच कसोटी लागू पडते. केशवसुतांच्या (१८६६-१९०५) कवितांचा संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. तरीही त्यांनी मराठीत आणलेले सुनीत त्यांची मते न पटणाऱ्या कवींनीही वापरले. राजरत्नम यांना वाहन मिळाले, केशवसुतांना ते उशिरा मिळाले. थोरवीच्या निर्णयात त्याने फरक पडत नाही. तेव्हा लेखकाविषयी समीक्षेने विचारावयाचे ते एवढेच : ज्याला तो आवडत नाही, अशा पुढच्या लेखकाच्या हातातही त्याने काय ठेवले?