एक्सप्लेनर : चाळिशीनंतरची हाडे आणि योग, मोहर्लीतील महिलांसाठी कोणती आसने उपयोगाची, कोणती जोखमीची?

दरवर्षी २१ जूनला गावोगावी योग दिन साजरा होतो. शाळकरी मुलगा असो की पन्नाशीची शेतमजूर महिला, आसनांचा क्रम सगळ्यांना एकच. पण ताडोब्याच्या प्रवेशद्वाराशी वसलेल्या मोहर्लीत (जि. चंद्रपूर) आणि आसपासच्या जंगलपट्ट्यात या वयाच्या महिलेचा निम्मा दिवस वाकूनच जातो. तिला आणखी वाकायला लावणारा योग तिच्या हाडांच्या कामाचा आहे का? जाणून घेऊया.

चाळिशीनंतर हाडांचे काय होते?

हाड जिवंत असते. जुने झिजते, नवे भरते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ही झीज आटोक्यात ठेवते. पाळी थांबली की ते घटते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१ व्या वर्षाच्या आसपास थांबते, भारतात ४६-४७ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे झीज चार-पाच वर्षे आधी सुरू होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील, तर ती शस्त्रक्रियेपासूनच सुरू होते. यात दुखत काहीच नाही. अनेकींना पहिल्यांदा कळते ते हाड मोडल्यावरच.

कष्टाचे काम म्हणजे व्यायामच ना?

उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी, वर्षभर सरपण. इतके राबणाऱ्या बाईची हाडे मजबूतच असणार, असा समज आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळे सांगतो. कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या २८९ महिला तपासल्या, तेव्हा सुमारे २९ टक्के महिलांमध्ये खुब्याजवळच्या हाडात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा आढळला.

कारण ताटात आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ महिलेला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबल्यावर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गायीच्या १०० मिली दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. चहातल्या दुधावर हा हिशेब जुळत नाही. तीळ, शेवग्याचा पाला, नाचणी, दही यांची भर घालावी लागते. कष्टाने हाडावर भार पडतो हे खरे, पण भरायला माल नसेल तर हाड भरणार कशाने?

योगाबद्दल संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील डॉ. लॉरेन फिशमन यांचा २०१६ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. ७४१ जणांनी नाव नोंदवले, त्यातील २२७ जणांनी रोज १२ मिनिटे १२ आसने बऱ्यापैकी नियमित केली. त्यांच्या मणक्याची आणि मांडीच्या हाडाची घनता वाढल्याचे दिसले. पण तुलनेसाठी योग न करणाऱ्यांचा वेगळा गट नव्हता आणि बहुतेकांनी मध्येच सोडले. त्यामुळे ‘योगाने ऑस्टिओपोरोसिस बरा होतो’ असा दावा यावरून करता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी २०१३ मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हाडे थोडी विरळ झालेल्या या रुग्णांना पुढे वाकण्याच्या आसनांनंतर मणक्याचे फ्रॅक्चर झाले होते.

सगळ्यात भक्कम पुरावा तोल सांभाळण्याच्या व्यायामाचा आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामामुळे साठीपुढच्या लोकांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते. निसरड्या बांधावर पाय घसरला नाही, तर ठिसूळ हाडही शाबूत राहते.

मग कोणती आसने करावीत?

योग दिनाच्या सरकारी क्रमातच उत्तर आहे, फक्त निवड करायला हवी.

• उपयोगाची : वृक्षासन, त्रिकोणासन (पाय आणि खुब्यावर भार, तोल), भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन (पाठीचे स्नायू बळकट).

• जपून किंवा टाळावीत : पादहस्तासन, शशांकासन आणि कंबर जोरात पिळणारी आसने. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल, तर ती नकोतच.

• वृक्षासन भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला धरून करावे.

हाडे ठिसूळ आहेत, हे कळणार कसे?

पक्के निदान डेक्सा तपासणीने होते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पण मोहर्लीहून त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते, मजुरीही बुडते. पाळी थांबलेल्या आशियाई महिलांसाठी ‘ओस्टा’ नावाचा सोपा हिशेब आहे. वजनातून (किलो) वय वजा करा आणि ०.२ ने गुणा. उत्तर उणे १ पेक्षा जास्त आले तर धोका कमी, उणे १ ते उणे ४ मध्यम, त्याखाली जास्त. वय ५५, वजन ४२ किलो असेल, तर उत्तर येते उणे २.६, म्हणजे मध्यम धोका. हे निदान नव्हे, डेक्सा आधी कोणाची करायची ते यातून कळते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल, तरी डॉक्टरांना दाखवावे.

या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्याने पाठ आणि सांधे आखडतात. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यामुळे प्रत्येक हाडदुखीवर कॅल्शियमची गोळी किंवा आसन हा उपाय नाही.

काय व्हायला हवे?

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांवर भर आहे. हाडांना तिथे जागा नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० महिला तपासल्या, तेव्हा ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगासमोर आले. त्याआधी हे दुखणे कोणाच्या हिशेबातच नव्हते. हाडांचे आज तेच होत आहे.

आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग होतात आणि वजनकाटाही असतो. त्याच दिवशी पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येक महिलेचे वजन आणि उंची नोंदवावी, पाळी थांबलेल्यांचा ओस्टा काढावा आणि जास्त धोका असलेल्यांना डेक्सासाठी मोफत नेण्याची सोय करावी. योगशिक्षकानेही आसन सांगण्याआधी विचारावे : पाळी कधी थांबली? कधी हाड मोडले होते का? चटई अंथरण्याआधीचे हे दोन प्रश्न फुकट आहेत. खुब्याचे हाड मोडल्यावरचा खर्च मात्र अख्ख्या घराला उचलावा लागतो.