पिशवीचे ऑपरेशन : आधी विचारा, मग सही करा



“पिशवी काढली की एकदाची कटकट संपली,” असे नळावर, कारखान्याच्या दारात, शेताच्या बांधावर सहज बोलले जाते. दोन मुले झाली, अंगावरून जाते, कंबर दुखते, मग ठेवायची कशाला? पण गर्भपिशवी काढणे म्हणजे दात उपटणे नव्हे. पुष्कळ जणींच्या आयुष्यातले हे पहिलेच मोठे ऑपरेशन असते. म्हणून त्याआधी काय विचारायचे आणि नंतर घराने काय सांभाळायचे, ते आज पाहू.

पहिला प्रश्न, ऑपरेशन खरेच गरजेचे आहे का? त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, पिशवी खाली उतरणे, कर्करोग ही खरी कारणे आहेत. नुसते पांढरे जाणे किंवा कंबर दुखणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर भगिनींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच नको, असे कितीतरी जणींनी सांगितले. मजुरी वाचावी म्हणून शरीराचा अवयव द्यावा लागावा, यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

तेव्हा “आताच काढा, नाहीतर कॅन्सर होईल” असे कोणी घाबरवले, तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. सोनोग्राफीचे व रक्ततपासणीचे कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मात्र उलटही करू नका. रक्त फार जात असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते अंगावर काढू नका. लगेच तपासून घ्या.

ऑपरेशन ठरले तर आणखी एक विचारा, “बीजकोश ठेवणार की काढणार?” पाळी जायच्या वयाआधी दोन्ही बीजकोश काढले, तर अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात. संमतीचा कागद मराठीत वाचून घ्या. सही किंवा अंगठा तुमचा आहे, शरीरही तुमचेच आहे. विचारायला लाजू नका.

खर्चासाठी सावकाराच्या दारात जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवा आणि आपले ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसते का, ते विचारा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर ईएसआयच्या दवाखान्यात जा.

आता तयारी. रक्त कमी असेल तर डॉक्टर आधी लोहाच्या गोळ्या देतात. त्या नेमाने घ्या. दमा, साखर, रक्तदाब, फिट्स, पूर्वी एखाद्या औषधाने आलेली गांधी, चालू असलेल्या गोळ्या किंवा काढे, हलणारा दात, सारे भुलीच्या डॉक्टरांना सांगा. मिश्री, तंबाखूही लपवू नका, आणि ती सोडण्याची हीच वेळ आहे. उपाशी राहायला सांगितले की खरेच उपाशी राहा. पोटात अन्न असले तर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. “घोटभर चहाने काय होते?” असे सासूबाईंनी प्रेमाने म्हटले तरी घेऊ नका. चुकून काही खाल्लेच तर तसे सांगून टाका. बांगड्या, दागिने घरी ठेवा, नखांचा रंग पुसून जा. पाठीत दिलेल्या सुईने कंबर जन्मभर दुखते, ही भीती मनातून काढा.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, कोणाचा तरी हात धरून चार पावले टाका. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. वरण, अंडी, मासळी, फळे यांनी टाके पिकतात, हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिली की हेच खा. जखम भरायला असेच अन्न लागते. पालेभाजी व भरपूर पाणी घ्या, म्हणजे शौचाला कुंथावे लागणार नाही.

काही दिवस थोडे डाग पडणे चालते. पण ताप, घाण वासाचा स्राव, कपडा भिजेल इतके रक्त, टाक्यांतून पू, लघवी न होणे किंवा सारखी गळणे, पोट फुगून उलट्या, पोटरीला सूज व दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखून दम लागला तर क्षणभरही थांबू नका, १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

आणि आता घरातल्या मंडळींसाठी. पोट उघडून ऑपरेशन झाले असेल तर जखम आतून भरायला साधारण सहा आठवडे लागतात. वरचे टाके सुकले म्हणजे बाई बरी झाली, असे नव्हे. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोचे ओझे. या काळात ती, हंडा किंवा कडेवरचे मूल तिने उचलू नये, उकिडवे बसून धुणे धुऊ नये. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवऱ्यानेही संबंधाचा आग्रह धरू नये.

तेव्हा दादांनो, दवाखान्याची तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवा. पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, धुणे कोण करणार. मोठ्या मुलीची शाळा बुडवून हे काम तिच्यावर टाकू नका. मुलगाही घागर उचलू शकतो, नवराही वरण-भात शिजवू शकतो. वर्षानुवर्षे जिने सगळ्यांचे केले, तिचे सहा आठवडे घराने करावे. एवढी तयारी झाली, मगच तारीख घ्या.